बाजारगावांचं दफ्तर कोण ठेवणार?

पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजाराच्या गावी शाळेतल्या पोराला गावाचा इतिहास विचारा. सुप्यातलं पोर शहाजीराजांची जहागीर सांगेल, मोहितेमामांकडून शिवरायांनी ठाणं कसं घेतलं ते सांगेल. चाकणचं पोर फिरंगोजी नरसाळ्याचं नाव घेईल आणि १६६० चा शाहिस्तेखानाचा वेढा सांगेल. सासवडला सोपानदेवांची समाधी, जुन्नरला शिवनेरी. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्याच पोराला पुढे विचारा, की शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या गावात कर्ज कोण देत होतं, कांदा मातीमोल झाला तेव्हा गावाने काय केलं, ७२ च्या दुष्काळात तुझी आजी कुठल्या कामावर होती. ते गप्प होईल. त्याच्या बापालाही फारसं सांगता येणार नाही.

ही आपल्या जिल्ह्याची मोठी चूक आहे असं मला वाटतं, आणि ती सुधारायला आता फार वेळ उरलेला नाही. शेतीवर जगणाऱ्या या गावांचा कर्जाचा, पाण्याचा आणि भावाचा इतिहास गडकोटांच्या इतिहासाइतकाच मोठा आहे. या गावांनी कायदे घडवले आहेत. ज्या सातबाऱ्यावरून आज तहसील कचेरीत भांडणं होतात, त्याच्या मुळाशी असलेली सर्व्हे नंबरांची मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास सुरू केली ती आपल्या इंदापूर तालुक्यात. पुढे मुंबई इलाख्यात ती पद्धत पसरली. इंदापूरच्या किती लोकांना हे ठाऊक असेल?

सुप्याचंच घ्या. आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे तेव्हाही पंचक्रोशीचा बाजार होतं. बरेच सावकार आणि दुकानदार तिथे राहत. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी तिथे गोळा झाले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितल्या त्या हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे. जे हाताला लागलं ते रस्त्यावर आणून पेटवलं. धान्य आणि कापड त्यातच गेलं. एक घर जळालं, डझनभर घरं फोडली गेली. पुण्याचा जिल्हा मॅजिस्ट्रेट शनिवारी, १५ मेला सुप्यात पोचला. त्याने दुसऱ्या दिवशी कमिशनरला कळवलं, की रस्त्यावर राखेचे ढीग अजून दिसत आहेत, पन्नास जणांना पकडलं आहे, सुमारे २ हजार रुपयांचा माल परत मिळाला आहे, नुकसान २५ हजारांच्या वर आहे आणि सावकार मात्र ते लाखाच्या वर सांगत आहेत. हे पत्र वाचताना दर वेळी माझी नजर त्या राखेवर थांबते. कुणब्याच्या अंगठ्याचे किती ठसे त्या राखेत गेले असतील!

लोक एका दिवसात पेटत नाहीत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. व्याज वर्षानुवर्षं साचत जाऊ नये हा त्यामागचा हेतू. सावकारांनी त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहायचा, थकलेलं व्याज मुद्दलात धरायचं आणि त्या नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज लावायचं. शेतकऱ्याने फेडलेल्या पैशाची पावती द्यायची नाही. त्यातच १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि इकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. सावकारांनी हात सैल सोडला, मागेल त्याला कर्ज मिळू लागलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडते घेतले. नेमकी त्याच सुमारास जमाबंदीची जुनी मुदत संपून नवा शेतसारा लागू झाला, तो काही ठिकाणी दीडपट ते दुपटीच्या घरातला. शेतकऱ्याची दोन्हीकडून कोंडी झाली. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला, त्यांचं शेत कोणी कसेना, न्हावी दाढी करेना, पाणी कोणी भरेना. सुपे त्यानंतर पाच महिन्यांनी पेटलं आणि तिथून लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं.

पुढे जे घडलं ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८७८ ला थेट ब्रिटिश पार्लमेंटसमोर गेला आणि १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. रोख्यावर काय लिहिलं आहे एवढंच न पाहता मुळात किती पैसे दिले, किती फिटले, व्याज कसं लावलं हे तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यालाही आळा बसला. अंगठा उठवलेल्या कागदामागे जाऊन खरा व्यवहार शोधायचा, हे तत्त्व आजही जिवंत आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात, कर्जापोटी सावकाराने खरेदीखत करून घेतलेली जमीन चौकशीअंती शेतकऱ्याला परत देण्याची तरतूद आहे. आज जमीन सोडवून घ्यायला सहकार निबंधकाच्या कचेरीत खेटे घालणारा शेतकरी ज्या वाटेने जातो, ती वाट सुप्याच्या बाजारपेठेतून निघाली आहे. हे त्याला कोणी सांगत नाही. केंद्रीय बोर्डाच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात सुप्याचा प्रसंग चांगला विस्ताराने दिला आहे. दिल्लीत शिकणाऱ्या मुलीला जे माहीत असतं ते बारामतीच्या मुलीला माहीत नसावं, हे मला सहन होत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. तेव्हाचे बरेच सावकार मारवाडी आणि गुजराती होते. आज त्या समाजांची घरं पिढ्यान्‌पिढ्या याच गावांत नांदत आहेत, त्यांची दुकानं गावाच्या भरवशाची आहेत. जुनं उकरून काढलं तर उगाच तेढ वाढेल, असं चांगली चांगली माणसं म्हणतात. त्यांची काळजी मी समजू शकतो. पण गप्प बसल्याने तेढ मिटत नाही, अर्धवट ऐकीव गोष्टींतून ती उलट वाढते. १८७५ ला शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता, माणसांवर फार कमी हात पडला, हे आयोगानेही नोंदवलं आहे. गोष्ट पूर्ण सांगितली की त्यात वाढीव सारा लावणारं सरकार येतं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या येतात, निरक्षर माणसाचा अंगठा घेऊन त्याच्याविरुद्ध डिक्री म्हणजे वसुलीचा हुकूम देणारी कोर्टं येतात. मग एका समाजावर बोट ठेवून मोकळं होता येत नाही. आणि कर्जदारांच्या यादीत पाटील-देशमुखांची घरंही होती, हे कळलं की गावाची मान जरा सरळ होते.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण ते लिहायचा खरा अधिकार आमच्या आई-आज्यांचा आहे. शिरूर, दौंड, बारामती, पुरंदर, इंदापूर या तालुक्यांतल्या बायका तेव्हा पाझर तलावावर, रस्त्यावर, खडी फोडायला जात. सुकडी खाऊन, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन त्यांनी दिवस काढले. आमच्या नात्यातल्या एक आजी सांगतात, की खणलेल्या खड्ड्यात मधोमध मातीचा एक उंचवटा न खणता तसाच राखायचा, म्हणजे किती खोल खणलं ते मुकादमाला मोजता येई. आणि मापात तो मारत असे, म्हणून बायका आपल्या हाताने दोरी धरून आधीच मोजून ठेवत. त्या दोन वर्षांत लाखो हातांना काम देताना जो अनुभव आला त्यातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला बळ मिळालं, १९७७ ला विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक करणारा असा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, केंद्राने २००५ ला केला. त्या वेळी विशीत असलेली बाई आज सत्तरीच्या पुढे आहे. दोरी धरून मोजणाऱ्या आज्यांपैकी किती जणींचं बोलणं आपण टिपून ठेवलं?

आता चाकण. आज चाकण म्हटलं की कंपन्या, कंटेनर आणि तासन्‌तासांचं ट्रॅफिक डोळ्यापुढे येतं. पण १९७७ ला स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आलेल्या शरद जोशींनी याच चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. स्वतः शेती करून त्यांनी हिशेब मांडला, की कितीही राबलं तरी शेती तोट्यात का जाते. १९७९ ला शेतकरी संघटना उभी राहिली आणि १९८० ला कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-नाशिक रस्ता रोखला. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा महाराष्ट्रभर गेली. त्यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही, खुल्या बाजारावरचा त्यांचा विश्वास मला जास्तच वाटतो. पण उत्पादनखर्च काढायला, कागदावर लिहायला आणि तो सरकारच्या तोंडावर मांडायला शेतकऱ्याला शिकवलं ते या आंदोलनाने. चाकणला खेड बाजार समितीचा महात्मा फुले बाजार आजही भरतो, कांद्याच्या गाड्या आजही उभ्या राहतात. त्या आवारात येणाऱ्या तरुण शेतकऱ्याला याच मातीत काय घडलं ते कळायला नको का?

कांद्याची हिशेबपट्टी हा या इतिहासाचा सर्वांत साधा आणि सर्वांत खरा कागद आहे. आडत्याच्या नावाचा छापील, पातळ कागद. वर तारीख, गोण्या, वजन, भाव. खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी घेतलेली उचल, आणि सगळ्यात शेवटी निव्वळ रक्कम. ज्या घरात या पट्ट्या जपून ठेवल्या आहेत, तिथे त्या एकाखाली एक मांडून बघाव्यात. भाव वर-खाली होतो, कपातीचे आकडे मात्र वाढतच जातात. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला आणि खर्च वजा जाता त्याच्या हाती २ रुपयांचा चेक पडला. देशभर बातमी झाली, हळहळ झाली, चार दिवसांनी विसरली गेली. त्याच वर्षीच्या जुलैत आमच्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट २ हजारांच्या वर गेला तेव्हा मात्र शेतकरी करोडपती झाल्याच्या बातम्या महिनाभर चालल्या. आधीच्या उन्हाळ्यात याच टोमॅटोची तोडणीची मजुरीही सुटत नव्हती. चाळीस वर्षांच्या पट्ट्या हाताशी असत्या तर या दोन बातम्या एकाच कोष्टकात दिसल्या असत्या.

हे कागद कुठे जातात ते मी पाहिलं आहे. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका जुन्या सहकारी संस्थेची इमारत पाडायची होती. मागच्या खोलीत लाल कापडी पुठ्ठ्याची रजिस्टरं छताला टेकतील एवढी रचलेली होती, खालच्या थराला वाळवी लागलेली. मी एक उघडलं. बोरूच्या वळणाचं अक्षर, सभासदाचं नाव, जमिनीचं क्षेत्र, पीक, दिलेलं कर्ज, वसुली, आणि काही नावांपुढे तांबड्या शाईत एकच शब्द, मयत. पुढच्या आठवड्यात ते सगळं रद्दीत किलोवर गेलं. कोणाचा वाईट हेतू नव्हता. ठेवायला जागा नव्हती आणि ठेवावं असं कोणाला वाटलंही नव्हतं. पुण्यात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, इतक्या काळजीने जपले गेले म्हणून आपण अठराव्या शतकातल्या एखाद्या गावाचा वसूल सांगू शकतो. त्याच गावाचं १९६५ चं पीककर्ज सांगू शकत नाही.

लिहून ठेवलेलं कसं उपयोगी पडतं याचं उदाहरण शहरालाच लागून आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घर न्‌ घर, तुकडा न्‌ तुकडा पाहणी करून १९१७ ला ती प्रसिद्ध केली. १७७१ ला तिथल्या एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती त्यांच्या पाहणीच्या वेळी ७ एकरांवर आली होती. त्याआधीचे कागद शाबूत होते म्हणून हे कळलं. पुढे त्यांनी शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुकही असंच अभ्यासलं. आज पिंपळे सौदागरला उंच इमारती आहेत आणि शेत औषधालाही उरलेलं नाही. तरीही ते गाव काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. हिंजवडी, वाघोली, मांजरी यांची अशी नोंद आपल्यापाशी आहे का?

'इतिहासाने पोट भरत नाही, शेतकऱ्याला भाव द्या', असं कोणी म्हणेल. भाव द्यायलाच हवा. पण भाव मागायला, मोबदला मागायला हातात कागद लागतो. पुरंदरच्या विमानतळासाठी सात गावांची जमीन घ्यायचं चाललं आहे. अंजीर, सीताफळ आणि वाटाण्याचा हा पट्टा. पुरंदरच्या अंजिराला तर भौगोलिक मानांकन आहे. जमीन द्यावी की देऊ नये हे त्या गावांनी ठरवायचं आहे. माझा कल शेतकऱ्यांच्या बाजूने आहे हे लपवायचं कारण नाही. पण सुनावणीत अधिकारी रेडीरेकनरचा, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराचा, आकडा पुढे ठेवतो तेव्हा गावाकडे स्वतःचा आकडा काय असतो? अंजिराच्या बागेने वीस वर्षांत काय दिलं, किती घरांतली मुलं त्यावर शिकली, किती मजुरांचं घर चाललं, याची बाजारपट्ट्यांवरून केलेली नोंद असती तर बोलणीच वेगळ्या पायावर झाली असती. नोंद नसलेलं गाव सरकारच्या लेखी पडीक ठरतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक बाजार समितीने आपल्या आवारात एक कोरडी, वाळवी न लागणारी खोली गावाच्या दफ्तरासाठी द्यावी. ग्रामपंचायतीपेक्षा बाजार समितीच यासाठी बरी, कारण तिचा कारभारच मुळी शेतमालावरच्या बाजार फीवर चालतो. त्या पैशातला थोडा वाटा शेतकऱ्याच्या आठवणीवर खर्च झाला तर कोणी तक्रार करणार नाही. सोसायट्यांची, खरेदी-विक्री संघांची, जुन्या पेढ्यांची रजिस्टरं तिथे यावीत. घरोघरच्या पट्ट्यांचे मोबाइलवर फोटो काढून मूळ कागद घरच्यांना परत द्यावेत. कर्जदारांची नावं झाकून ठेवण्याचा नियम पहिल्या दिवसापासून असावा, कारण लहान गावात पणजोबाची थकबाकीही लग्नाच्या बैठकीत निघते. सत्तरीपुढच्या माणसांचं बोलणं कॉलेजच्या मुलांनी टिपावं, त्यासाठी प्रकल्पाचे गुण मिळावेत. आणि पुण्यातल्या ज्या संस्थांकडे कागद जपण्याचं शास्त्र आहे त्यांनी वर्षातले चार दिवस तरी तालुक्याला जावं. आपण शहरातले लोक या गावांचं दूध, भाजी, पाणी आणि आता जमीनही घेतो. एवढं देणं आपल्याकडे निघतं.

सुप्यापासून सुरुवात करणं सोपं आहे. बारामती बाजार समितीचा उपबाजार तिथे आहे, चिंचेच्या हंगामात आवार गजबजलेलं असतं, लांबलांबचे शेतकरी येतात. २०२९ ला त्या १८७९ च्या कायद्याला १५० वर्षं होतील. तोवर आवारात खोली उभी राहू शकते, मॅजिस्ट्रेटच्या त्या पत्राचं मराठी भाषांतर भिंतीवर लागू शकतं आणि पंचक्रोशीतल्या पाच-पन्नास घरांतले कागद गोळा होऊ शकतात. १ मेच्या ग्रामसभेत ठराव घेतला तर १२ मेपर्यंत तो बाजार समितीच्या सभापतींच्या टेबलावर पोचतो. आसपासच्या ज्या गावांना असा ठराव मांडायचा असेल त्यांना मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे, आणि पट्ट्यांचे फोटो काढायला रविवारी येणारी तीन-चार पोरंही माझ्याबरोबर आहेत.